पट्टी हिरवी होईपर्यंत

“अरे मेल्या, तुला हवंय तरी काय?”

कंप्युटरच्या पडद्यावरची पट्टी सहाव्यांदा लाल झाली, तेव्हा तिच्या तोंडून निघूनच गेलं. एरवी ती अशी बोलणारी नव्हती. रक्ताच्या नमुन्यांवर दिवसभर मान खाली घालून काम करणारी, चार शब्द लागतील तिथे तिनात भागवणारी मुलगी. पण सव्वानऊ वाजले होते, स्टँडमध्ये बत्तीस नळ्या ओळीने वाट बघत होत्या आणि ही नवी प्रणाली तिला आत घेत नव्हती. स्वतःचं नाव झालं, आत्याचं नाव झालं, जन्मसाल जोडून झालं, शेवटी एक उद्गारचिन्हही चिकटवून झालं. खाली आपलं तेच — ‘पासवर्ड कमकुवत आहे.’

“मेला म्हणजे... मीच,” मागून कुणीतरी म्हणालं. “ते मी लिहिलंय.”

ती गर्रकन वळली. प्रयोगशाळेच्या दारात एक उंचसा तरुण उभा होता. खांद्यावर भिजलेली बॅग, चष्म्यावर पावसाचे थेंब. आधी चष्मा पुसावा की आधी हसावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

“मी... मी यंत्राला म्हटलं,” ती पुटपुटली.

“यंत्राला वाईट वाटत नाही. मला वाटतं, पण थोडंच.” तो दोन पावलं आत आला. “एक सांगू? तुम्ही आधी नाव लिहिलंत, मग साल, मग शेवटी उद्गारचिन्ह. बरोबर?”

“तुम्ही चोरून पाहिलंत!”

“नाही हो! बहुतेक सगळे तेच करतात. म्हणून तर चोरालाही ते पाठ असतं. एकमेकांशी काही नातं नसलेले चार-पाच शब्द घ्या. लांबलचक. तुम्हाला आठवतील आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत, असे.”

एवढं बोलून तो चक्क पाठमोरा झाला. हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“हे काय?”

“तुम्ही लिहा. मी पाहत नाहीये.”

पाहायला डोळे देवाने सगळ्यांनाच दिलेत. ते कुठे वळवून घ्यावेत, हे मात्र फार थोड्यांना कळतं. तिने एक क्षण त्या भिजलेल्या पाठीकडे पाहिलं... आणि बोटं चालवली. पट्टी लाल होती ती नारिंगी झाली, नारिंगीची पिवळी आणि पाचव्या शब्दाला हिरवीगार.

“झाली!” ती एखाद्या पोरीसारखी ओरडली.

“खाली सात सायकली आहेत,” तो वळून म्हणाला, “आणि एका सीटवर मांजर बसलंय. वेळ जायला हवा ना.”

इस्पितळाच्या या प्रयोगशाळेत आतापर्यंत पासवर्डचा नुसता खेळखंडोबा होता. दर महिन्याला नवा पासवर्ड, त्यात आकडा हवाच, चिन्ह हवंच. मग लक्षात कुणाच्या राहणार? सगळ्यांचे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. ही परवड संपावी म्हणून नवी प्रणाली आली होती, आणि पासवर्ड किती भक्कम आहे ते मोजणारी रंगीत पट्टी हा तिचा प्राण. ती पट्टी त्याने दोन वर्षं खपून बनवली होती. म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं पट्टीवाले.

तीन आठवडे वापरून बघायची, मग ठेवायची की नाही ते ठरवायचं, असा करार होता. काही चुकलं तर वहीत लिहून त्याला कळवायचं. वही कुणाकडे द्यायची हा प्रश्नच नव्हता.

“आमची चाळणी आहे ही,” मोठ्या मॅडम त्याला म्हणाल्या. पांढरे केस, करडा आवाज. प्रयोगशाळा त्यांच्या शब्दावर चालायची. “हिच्या हातून खडा सुटत नाही. सांभाळून राहा.”

आणि तिसऱ्याच दिवशी खडा सापडला. तिने गंमत म्हणून ‘हिमोग्लोबिन’ दोनदा लिहिलं, तर पट्टी झाली हिरवी! तो दोन बस बदलून धावत आला.

“बाहेरच्याला हा शब्द सुचणार नाही,” ती शांतपणे म्हणाली, “पण इथे दिवसातून शंभर वेळा म्हणतात. इथल्याला पहिल्यांदा हाच सुचेल.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “दोन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

“तुम्ही रक्त तपासत नाही ना.”

त्या दुपारी दोघांनी बसून प्रयोगशाळेतल्या शब्दांची यादी केली. ती शब्द सांगायची, तो सहज ओळखता येणाऱ्या शब्दांच्या कोठारात भरायचा, म्हणजे पुढे कुणी ते लिहिले की पट्टी लाल व्हावी. मधेच तिला पासवर्ड लिहून पुन्हा आत शिरावं लागे, आणि प्रत्येक वेळी तो उठून खिडकीशी जाई.

“आज काय दिसलं?”

“नऊ सायकली. एक छत्री उलटी झालेली. मांजर गैरहजर.”

दुसऱ्या आठवड्यात एकदा तिने विचारलं, “आज?”

“आज... मोजल्या नाहीत.”

“का बरं?”

“अंधारून आलंय ना. काचेत आतलं दिसतं.” तो अजून पाठमोराच होता. कानाच्या पाळ्या मात्र पट्टीच्या पहिल्या रंगाच्या. “हात दिसत नाहीत तुमचे, शपथ! नुसता चेहरा दिसतो.”

तिची बोटं एका अक्षरावर जी थांबली, ती थांबलीच. पडद्यावर ‘पासवर्ड चुकला’ असं उमटलं. पहिल्यांदाच.

घरी आत्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आई गेल्यापासून हिला वाढवलं ते आत्यानेच. तिच्यापासून काय लपणार?

“काय गं, हल्ली कामाला जाताना दोनदा केस विंचरतेस? कंप्युटरला दिसतात वाटतं?”

“आत्या, काहीतरीच तुझं!”

“बरं बाई, काहीतरीच. पण त्या काहीतरीचं लग्नबिग्न झालेलं नाही ना, तेवढं बघ.”

तिसरा आठवडा उजाडला. प्रणाली गुळगुळीत चालत होती. खोट म्हणून शिल्लक नव्हती. वही कोरी राहिली की मॅडम सही करणार, सही झाली की त्याचं इथलं काम संपणार. एरवी हात आवरणाऱ्या त्या मुलीने पेन उचललं... आणि लिहिलं, ‘हिरवा रंग जरा भडक वाटतो.’

तासाभरात तो हजर.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘पट्टी सावकाश भरते.’ मग, ‘पट्टी फार भरभर भरते.’ मग, ‘कमकुवत हा शब्द मनाला लागतो.’ तो येई, गंभीर चेहऱ्याने वही वाचे, दुरुस्ती करी, खिडकीशी उभा राही. एकही तक्रार खोटी नव्हती म्हणावं, तर एकही खरी नव्हती. रात्री अंथरुणावर हात जोडताना तिला ते टोचायचं. सकाळी मात्र ती पुन्हा पेन शोधायची.

मुदतीच्या आदल्या दिवशी मॅडमचा आवाज पार्टिशनपलीकडून आला. फोनवर त्याचे साहेब होते.

“हो, सात! सात तक्रारी आहेत वहीत. आमची मुलगी उगाच लिहिणारी नाही... ठीक आहे. त्याला काढून घ्या आणि ती पट्टीही. जुनी पद्धत काय वाईट होती? उद्या तीन वाजता या.”

तिने हातातली नळी स्टँडमध्ये परत ठेवली. ज्याला चार दिवस जास्त थांबवावं म्हणून तिने अक्षर अक्षर लिहिलं, त्याची दोन वर्षांची मेहनत त्याच अक्षरांनी बुडत होती.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मॅडमच्या टेबलाभोवती चौघं बसली. साहेब घाम पुसत होते. तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. वही मधोमध.

“मॅडम, आधी मला बोलायचंय,” ती उभी राहिली. तिने वही पुढे ओढली. “पहिली तक्रार, प्रयोगशाळेतल्या शब्दांची. ती खरी होती आणि त्यांनी त्याच दिवशी निस्तरली. उरलेल्या सहा...” तिने पेन घेतलं आणि पान भरून आडवी रेघ ओढली. “या मी उगाच लिहिल्या. पट्टी उत्तम आहे. कपाटातली चिठ्ठी मी कालच फाडली, कुणालाच लागली नाही.”

“उगाच?” मॅडमनी चष्मा खाली ओढला. “तू? कशासाठी?”

खोटं बोलायला जागा होती, पण तिचं खोटं बोलून पुरेसं झालं होतं.

“कारण... तक्रार लिहिली की हे येतात.”

साहेबांचा रुमाल कपाळावरच राहिला. मॅडम आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने बॅग खाली ठेवली.

“साहेब, माझंही एक ऐकून घ्या,” तो म्हणाला. “रंग बदलायला, पट्टीचा वेग बदलायला इथे यावं लागत नाही. आपल्या ऑफिसात बसून दहा मिनिटांत होतं ते. सहाच्या सहा वेळा.”

“मग दर वेळी दोन बस बदलून कशाला...” साहेबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. “अरे गधड्या!”

मॅडमनी वही मिटली, पेन उघडलं आणि कागदावर सही केली. हसू दाबायला त्यांना ओठ चावावा लागला. “चाळणीला भोक पडलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “जा आता दोघंही. मला कामं आहेत.”

जिन्यात दोघांना एकमेकांकडे बघवेना.

“आता तक्रारवही नाही,” तो म्हणाला. “मी यायचं ते... काय म्हणून?”

“काय म्हणून म्हणजे?” ती पायरीकडे बघत म्हणाली. “माणूस माणसाकडे येतो, त्याला वहीत नोंद लागते होय?”

तो चार पायऱ्या उतरला, थांबला, परत वर वळला. या खेपेला त्याने नजर वळवली नाही. तिनेही वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, स्टँडमधली शेवटची नळी उचलली गेल्यावर, दार लोटून तो आत आला. बॅग नव्हती, कंप्युटर नव्हता.

“आता काय बिघडलं?” पलीकडून मॅडम ओरडल्या.

“काही नाही, मॅडम,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.