तीन वाजताचं 'हव'

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ही माझ्या मावसबहिणीची, निधीची गोष्ट आहे आणि तिने ती माझ्याच घरी बसून मला सांगितली आहे.

अमावस्या नाही, स्मशान नाही. रायपूरची चौबे कॉलनी, तिसरा मजला, मार्चमधला मंगळवार. दुपारचे बरोबर तीन.

तिथे एक खासगी एफएम स्टेशन आहे. सतरा वर्षांपूर्वी ते सुरू झालं, तेव्हा पहिला आवाज गेला तो अनंतरावांचा. मूळचे अमरावतीचे. सिलतऱ्याच्या सळईची जाहिरात असो की भनपुरीच्या ट्रकवाल्यांच्या फर्माइशी, माईकवर सगळं हिंदी आणि माईक बंद झाला की अस्सल वऱ्हाडी. माईकसमोर श्वास कसा घ्यायचा, इथपासून त्यांनी निधीला शिकवलं. ती त्यांना काका म्हणायची.

दोघांची एक खूण होती. काका आत माईकपाशी, निधी काचेबाहेर मशीनवर. बोलण्याआधी काका विचारायचे, "हव?"

हव म्हणजे छत्तीसगढीत हो. निधी म्हणायची, "हव." मगच लाल दिवा लागायचा. तिने हव म्हटल्याशिवाय काका तोंड उघडत नसत.

मग कंपनी विकली गेली. कार्यक्रम इंदूरहून तयार होऊन येऊ लागले. नवा मॅनेजर चिराग याने निधीला एकटीला बोलावून सांगितलं की दोघांपैकी एकच राहणार. काकांच्या आवाजात सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत दर अर्ध्या तासाची वेळ रेकॉर्ड करून घे, पुढे मशीनच ती वाजवेल. काम झालं की नोकरी तुझी.

आणि काकांना काय सांगायचं? जुन्या आवाजाचं जतन करतोय, एवढंच.

काका खूश. इस्त्रीचा शर्ट घालून आले. माईकपाशी बसल्यावर, रेकॉर्डिंग चालू असतानाच, त्यांनी एकदाच विचारलं, "पोट्टी, हे जतन करायसाठीच आहे ना?"

निधी म्हणाली, "हव."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझी बहीण असली म्हणून काय झालं?

प्रत्येक वेळ बोलण्याआधी काका 'हव?' विचारत गेले, ती हव म्हणत गेली. नंतर तिने बसून सगळे हव कापले आणि पुसून टाकले. पुढच्या सोमवारी चौकीदार भैय्यालालने काकांना गेटवरच थांबवलं. तसा हुकूमच होता. काकांनी खालून निधीला फोन लावला.

तिने उचलला नाही.

दोन महिन्यांनी काका झोपेतच गेले. निधी तेराव्यालाही गेली नाही. कोणत्या तोंडाने जाणार होती?

आणि मग तो मंगळवार...

तीन वाजले. मशीनने काकांचा आवाज लावला. "दोपहर के तीन बजे हैं।"

आता गाणं लागणार होतं.

लागलं नाही.

रेडिओवाल्याला भुतापेक्षा शांततेची भीती जास्त. निधीने सगळी बटणं दाबून पाहिली. दहा सेकंद... वीस सेकंद...

आणि हेडफोनमध्ये, अगदी कानापाशी...

"हव?"

सवयीने तिच्या तोंडातून निघून गेलं, "हव."

गाणं सुरू झालं.

तिने फाइल पुन्हा पुन्हा ऐकली. स्वच्छ होती. मशीनच्या नोंदीत एका सेकंदाचाही खंड नव्हता. भास झाला असेल, म्हणून ती पाणी प्यायली. तेवढ्यात भैय्यालाल वर आला. तो खाली दिवसभर रेडिओ लावून बसतो.

"दीदी, काका वापस आ गए क्या? अभी 'हव' बोले ना।"

मग हे रोजचंच झालं. तीन वाजता शांतता, तोच प्रश्न, तेच उत्तर. एकदा तरी 'नाही' म्हणावं, खरं सांगून टाकावं, असं तिला रोज वाटायचं. हिंमत झाली नाही.

जूनमध्ये चिराग हसत हसत आला. "निधी दीदी, अब आपकी आवाज़ में भी सारे टाइम रिकॉर्ड कर लेते हैं। बस, आर्काइव के लिए।"

काकांना तिने हेच सांगितलं होतं. तरी ती आत जाऊन बसली. चिराग मशीनवर बसला, पण फोन आला म्हणून उठून बाहेर गेला. काचेपलीकडची खुर्ची रिकामी.

निधीने हेडफोन चढवला.

"काका, मी चुकले. मले माफ करा," ती माईकमध्ये म्हणाली. "सांगा ना, हे जतन करायसाठीच आहे ना?"

लाल दिवा आपोआप लागला...

"हव."

ती तशीच उठली आणि जिना उतरून आली. परत गेली नाही. एकही वेळ तिने रेकॉर्ड केली नाही.

मी विचारलं, काकांचाच आवाज होता ना?

"नाही रे दादा. माझाच होता. त्या दिवशी काकाले म्हटलं होतं ना, तोच. मी पुसून टाकलेला."

परवा ती माझ्याकडेच बसली होती. तीन वाजून गेले आणि माझ्या मोबाइलवर भैय्यालालचा फोन आला; तिचं स्टेशनवरचं सामान आणताना मीच त्याला नंबर दिला होता. काका अजून रोज विचारतात, तो म्हणाला. आणि निधी दीदी रोज उत्तर देतात. नोकरी पुन्हा धरली का त्यांनी?

मी फोन ठेवला. निधी माझ्याकडे पाहत होती. "कोणाचा होता, दादा? सगळं ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "हव."