वारशाचे गुणधर्म

शरयू तोडणकरांना घरचा पत्ता आठवेना, तेव्हा रत्नागिरीच्या मज्जाविज्ञान केंद्रात कोणी फारसं घाबरलं नाही. पण स्वतःच्या आईचं नावही त्या विसरल्या, तेव्हा डॉ. परवेझ मुकादमांनी संगणकतज्ज्ञ गार्गी वालावलकरला तातडीने बोलावून घेतलं.

शरयूताई पूल बांधणाऱ्या अभियंता. एका मेंदूज्वरात त्यांच्या स्मृतीचा मोठा भाग नाहीसा झाला होता. मग केंद्राने त्यांच्या मेंदूत स्मृतिसेतू बसवला. एखादी आठवण शरयूताईंपाशी नसली, की हा सेतू ती त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, हेमांगीच्या मेंदूतून शोधून आणी. कितीतरी वर्षं हे सुरळीत चाललं. आता हेमांगीबाईंनाच स्मृतिभ्रंश झाला होता.

"झराच आटतोय," मुकादम म्हणाले. "शरयूताईंना नवा आजार नाही. पण धाकटी जे विसरेल, ते मोठीही विसरणार."

"मग जे उरलंय ते शरयूताईंमध्ये उतरवून घेऊ आणि सेतू तोडू," गार्गी म्हणाली.

त्यासाठी तिने लिहिलेली एक छोटीशी आज्ञावली होती, जेमतेम काही ओळींची. तिचं नाव 'प्रत्येक'. केंद्राच्या यंत्रात मन म्हणजे नावं दिलेल्या गुणधर्मांचा संच असे; एकेक आठवण हा एकेक गुणधर्म. 'प्रत्येक' त्या गुणधर्मांवरून एक फेरा मारी आणि एकेकाची नक्कल करी.

"पण तुझा फेरा वारशाने आलेले, म्हणजे सेतूवरून येणारे, गुणधर्म वगळतो ना?" मुकादमांनी विचारलं.

"मीच तशी अट घातलीय. प्रत्येकापाशी थांबून तो विचारतो, हे हिचं स्वतःचं का? अट काढली, की बहिणीकडून येणारंही तो घेईल. एकाच नावाची आठवण दोघींपाशी असेल, तिथे शरयूताईंचीच राहील. त्यांच्याकडे जे मुळातच नाही, तेवढं हेमांगीबाईंचं येईल."

"आणि नंतर कुठलं कोणाचं, हे कसं कळायचं?"

"नाही कळणार, सर. आज आठवण सेतूवरून येते, म्हणून ती उसनी आहे हे त्यांना जाणवतं. नक्कल झाली, की ती त्यांचीच."

मुकादमांनी हे सगळं दोघी बहिणींना समजावून सांगितलं. हेमांगीबाईंची मुलगी मृण्मयीही तिथे होती. त्या दिवशी हेमांगीबाईंचं चित्त ठिकाणावर होतं; विसरलेलं आईचं नाव, घरचा पत्ताही त्यांना आठवत होता.

"माझं तर जातंच आहे," त्या म्हणाल्या. "ताईपाशी तरी राहू दे."

"हेमा, तुझं सगळं घेऊन मी काय करू गं?"

"सांभाळ."

त्याच दिवशी फेरा पूर्ण झाला, सेतू तुटला. शुद्धीवर येताच शरयूताईंनी आईचं नाव सांगितलं, घरचा पत्ता सांगितला. मुकादमांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या तपासणीला मृण्मयी आपल्या आईलाही घेऊन आली. एव्हाना हेमांगीबाई लेकीला ओळखेनाशा झाल्या होत्या. शरयूताईंनी मात्र मृण्मयीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"किती छळलंस गं मला! पहाटेपासून कळा, आणि तू काही बाहेर यायला तयार नाहीस."

मृण्मयी दचकली. "मावशी, तुझं तर लग्नही..."

"झालं नाही. ठाऊक आहे मला, तेही आठवतं. पण त्या कळाही आठवतात, बाळा. दोन्ही माझंच आहे."

गार्गीचा चेहरा उतरला. शरयूताईंना मूल नव्हतं. त्यांच्या मनात 'आईपण' नावाचा गुणधर्मच नव्हता. म्हणून तिथे हेमांगीबाईंचं आईपण अख्खं येऊन बसलं होतं. आता ते काढून घेणंही शक्य नव्हतं, कारण परकं म्हणून त्यावर कसलीच खूण उरली नव्हती.

"काढायचंही नाही," मृण्मयी हलक्या आवाजात म्हणाली. "दुसरीकडे कुठे राहिलंय ते?"

हेमांगीबाई कौतुकाने तिच्याकडे पाहत होत्या. "ताई, ही कोणाची गं मुलगी?"

शरयूताईंनी बहिणीकडे पाहिलं, मग मृण्मयीकडे.

"माझी," त्या म्हणाल्या.

"गुणी दिसते हो."

मृण्मयीने आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. मग ती दोघींच्या मधे बसली.

"मी झाले त्या दिवसाचं सांग ना," ती शरयूताईंना म्हणाली.

शरयूताई सांगू लागल्या. हेमांगीबाईही कान देऊन ऐकू लागल्या.