भांडारगडाची बरकत

सह्याद्रीच्या अंगावरचे धुके पुरते उठले नव्हते, तोच भांडारगडाच्या सदरेपुढे टांगलेल्या प्रचंड तराजूच्या पारड्यात गडाची सारी शिबंदी दाटीवाटीने बसली. कारण गडाची बरकत दरसाल माणसांच्या वजनाने जोखावी, असा हुजुरांचा दंडक होता.

पारड्याच्या कडेला दरवाजाचा नाईक सुभानजी ढमाले बसला होता. वेढ्यात त्याच्या गड्यांनी झाडपाला उकडून खाल्ला, पण दरवाजा सोडला नाही; कारण किल्लेदार सर्जेरावांनी बेलभंडारा उचलून शब्द दिला होता, "वेढा उठू द्या, गडाची बरकत ती सर्वांची बरकत!" वेढा उठला. शत्रूच्या छावणीतले धान्य अंबारखान्यात आले. अंबारखान्याची किल्ली सर्जेरावांच्या कमरेला राहिली, आणि कंबर वाढत गेली. गडी झाडपाल्यावरच राहिले.

शेवटी सर्जेराव दोन्ही मेहुण्यांसह पारड्यात उतरले. साखळ्या करकरल्या, समोरच्या पारड्यातले गतसालच्या वजनाचे धोंडे हातभर वर गेले.

"शाबास!" हुजुरांचे वकील विसाजीपंत गहिवरले. "वेढा सोसूनही गड वाढला!"

सुभानजी उठला. "पंत, गुस्ताखी माफ. किल्लेदारांना अन् पाहुण्यांना क्षणभर खाली उतरवा, मग गड बघा."

"जबान आवरा, नाईक!" सर्जेराव गरजले.

"बेलभंडारा उचलला होतात, सरकार."

"मग? पारडं खोटं बोलतंय?"

पंतांनी मान डोलावली. "हुजुरांनी गडाची बरकत पुसली आहे. कोणाच्या पोटात किती, हे नव्हे." त्यांनी सर्जेरावांना सोन्याचे कडे बहाल केले. ते मनगटात जाईना, म्हणून थोरल्या मेहुण्याने तेल आणवले.

सुभानजीने कमरेची तलवार सोडून पारड्यात ठेवली. "हीही जोखा. लोखंड आहे, वजनाला बरी."

तो दरवाजातून बाहेर पडला. मागून सारे गडी उतरले.

दरवाजाखालच्याच वळणावर शत्रूची फौज पुन्हा गड चढत होती. पुढचा भालाईत भाल्यावरच रेलला होता.

"वर धान्य आहे म्हणे?"

"अमाप."

"मग तुम्ही असे वाळलेले का?"

"आमच्याकडे बरकत झाली. तुमच्याकडे?"

"लागोपाठ तीन सालं," म्हणत त्याने कमरपट्टा आणखी आवळला आणि वाट दिली.

सुभानजीने एकदाच मागे पाहिले. वर दरवाजा लावायची धांदल उडाली होती. अडसर सारायला दहा गडी लागत. सर्जेराव, मेहुणे आणि पंत खांदा लावून उभे होते. वजनाने ते दहांना भारी होते. अडसर हलला नाही.

पुढल्या साली नव्या किल्लेदाराने, एका स्थूल खानाने, तोच तराजू टांगला. गड आणखी वाढला होता.