रामरावांचा दुपट्टा

अकोट–अमरावती एसटीत आचल ज्या जागेवर जाऊन बसली, ती एका रुमालानं आधीच अडवलेली होती. पण सकाळची थंडी, डोळ्यांत झोप आणि डोक्यात राग… रुमालाकडे बघतो कोण! अमरावतीच्या राजापेठेतली खोली सोडून ती कालच घरी परतली होती. भाडं आणि मेस मिळून झेपेना, म्हणून बाबांनी सांगितलं, शेवटचं वर्ष घरूनच कर, अप-डाऊन. खर्च वाचणार होता खरा, पण मैत्रिणी गेल्या, चहाच्या टपरीवरच्या गप्पा गेल्या, आपल्या मनानं उठणं-बसणंही गेलं. त्यात निघताना आईनं, सुभद्राबाईंनी, बजावलं होतं, "गाडीत आपल्या कामाशी काम ठेवजो. बाबाच्या कानावर काही आलं, तर कॉलेज बंद होईन."

अंजनगावला एक उंच पोरगा चढला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम… तुमी माह्या रुमालावर बसल्या."

"रुमालानं तिकीट काढलं होतं का?"

"कंडक्टर काकाले विचारा. तेच ठेवतेत रोज. अकोटपासून एकटाच येऊन राहिला बिचारा!"

आचलनं चुरगळलेला रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडे सरकली. खिडकी सोडायचा प्रश्नच नव्हता. तो शेजारी बसला. त्याच्या हातांना सांबाराचा वास येत होता. पुण्याकडे याच सांबाराला कोथिंबीर म्हणतात, वास मात्र इकडचाच खरा!

शेखर त्याचं नाव. घरी भाजीचा मळा. सकाळी सांबाराच्या जुड्या बांधायच्या आणि मग गाडी पकडायची. त्यानंही अमरावतीची खोली सोडली होती, त्याच कारणानं.

"खोली सोडली तवा लय वाईट वाटलं," तो म्हणाला. "आता… आता तेवढं नाई वाटून राहिलं."

"कावून?"

"आताच्या आता सांगू?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांशिवाय काही नव्हतं, तरी पुष्कळ वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कंडक्टर काकांचं काम आचलनं घेतलं. शेखरचा रुमाल तिच्या बॅगेत राहायला आला. तिच्या बॅगेत, तिच्या घरात, आणि आईला पत्ता नाही! रोज अकोटला ती तो शेजारच्या जागेवर पसरायची आणि अंजनगाव येईपर्यंत उगाच केस सारखे करायची. प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं, आपलं कोणाला काही कळत नाही. गाडीतल्या फुलवाल्या गोदाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग एकदा घोळ झाला. आचलनं रुमाल धुतला आणि थंडीत तो वाळलाच नाही. ओला रुमाल जागेवर कसा ठेवणार? निघताना कान गारठतात म्हणून तिनं खुंटीवरचा बाबांचा पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळला होता. तोच काढून तिनं जागेवर टाकला. गाडी सुटली. नाक्यावर थांबली, आणि हाश्हुश करत बाबा, रामराव, आत चढले.

आचलनं दुपट्टा ओढायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

रामरावांना दुपट्टा दिसला. चेहरा फुलला. "वा! आईनं सांगितलं वाट्टे तुले, मी डोळ्याच्या डॉक्टरकडं येऊन राहिलो म्हणून?" ते बसले आणि मागच्या बाकावरच्यांना म्हणाले, "पाहा, पोरीनं बापासाठी जागा धरून ठेवली!"

गोदाबाईंना ठसका लागला.

अंजनगाव आलं. शेखर चढला, तो मागे कोणाशी तरी बोलत, आणि नेहमीच्या सवयीनं हात पुढे करून म्हणाला, "घे, बोरं आणले. मीठ तुह्याकडून…"

पुढे केलेल्या बोरांपुढे रामराव बसले होते. त्यांनी एक बोर उचललं, तोंडात टाकलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "रोज इथंच बसतं का, बावा?"

 शेखरला खोटं बोलता आलं असतं. त्यानं आचलकडे पाहिलं. ती पांढरीफटक. आता कॉलेज गेलं, गाडी गेली, हाही गेला…

"हो, काका," शेखर म्हणाला. "जागा… त्या धरतेत माह्यासाठी."

रामराव पुष्कळ वेळ बोर चघळत राहिले. मग विचारलं, "हाताले सांबाराचा वास कायचा?"

"सकाळी जुड्या बांधतो, काका. मंग कॉलेज."

"हं. सरक, पोरी."

तीन माणसांचं ते बाक. अमरावतीपर्यंत खिडकीशी आचल, कडेला शेखर आणि मध्ये रामराव, बोरं खात. 

राजापेठेत उतरल्यावर रामरावांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "उद्यापासून जागेवर रुमाल ठेवत जाजो, पोरी, थंडीचा मले लागते दुपट्टा. आणि आधी परीक्षा दोघायची! ते झाली की बोरं घेऊन घरी येजो, बावा. मीठ आमच्या घरी आहे." आणि ते दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले.

आचलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही. 

"वाचलो!" शेखर म्हणाला. मग हळूच, "ते… त्या दिवशीचं सांगू आता? खोली सोडल्याचं वाईट कावून नाई वाटून राहिलं ते?"

"सांग."

"मले तू आवडतं, आचल."

समोरून एक स्कूटी हॉर्न वाजवत गेली. आचलनं वाट मोकळी होऊ दिली, मग बॅगेतून ओलसर रुमाल काढला आणि त्याच्याच खांद्यावर वाळत घातला.

"कॉलेजपर्यंत वाळव," ती म्हणाली. "उद्याची जागा धरायची आहे मले."