पट्टा मागे ठेवून गेलेले घड्याळ

घाटकोपरच्या पंतनगरातील त्या सदनिकेत उपनिरीक्षक अक्षता तळवडेकर सकाळी दहा वाजता पोहोचल्या, तेव्हा घरधनी जयवंत सामंत खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

त्यांच्या संग्रहातील सर्वांत मौल्यवान घड्याळ नाहीसे झाले होते. जपानी बनावटीचे, १९६८ सालचे, सोन्याच्या कवचाचे. दुसऱ्या दिवशी ते पाहण्यास संग्राहक मित्र यायचे होते. त्यांपैकी सुबोधला जयवंतांनी फोनवर चोरीची वार्ता दिली आणि सुबोधने परस्पर पोलिसांना कळविले.

कपाटाचे कुलूप शाबूत होते. मखमली पेटी रिकामी होती. मात्र घड्याळाचा चामडी पट्टा पेटीशेजारी नीट ठेवलेला होता. टेबलावर कान कोरायच्या कापसाच्या काड्या पडल्या होत्या. त्यांची टोके काळवंडलेली.

"चावी कुठे असते, कोणाला ठाऊक?"

"मला... आणि सगुणाला," जयवंत अडखळले.

स्वयंपाकघराच्या दारातून सगुणा उसळली. "अकरा वर्षं भाकऱ्या थापल्या ह्या घरात! घ्या, झाडा माझी पिशवी! खालच्या मजल्यावर आत्ताच विचारलं मला, काय ढापलंस गं? तिथलं काम पण गेलं समजा!"

"टेबल आज आवरलं नाहीत?"

"साहेबांनी खोलीत येऊच दिलं नाही."

अक्षताबाईंनी पट्टा उचलून न्याहाळला.

"सामंतसाहेब, माझे मामा घड्याळजी आहेत. चोर पट्टा काढत बसत नाही. पट्टा काढतो तो, ज्याला घड्याळ उघडायचं असतं. आणि ह्या काड्यांवर धूळ नाही, तबकडीवरची काळी छपाई आहे. घड्याळ तुम्हीच उघडलंत. दाखवा."

जयवंतांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढले. तबकडीवरील कंपनीचे नाव अर्धे पुसले गेले होते.

"दमट हवेचा एक डाग होता. ओला कापूस नुसता टेकवला... वीस वर्षं मीच सगळ्यांना बजावत आलो, जुन्या तबकडीला हात लावू नका. कोणत्या तोंडाने दाखवणार होतो?"

"म्हणून माझ्या तोंडाला काळं फासलंत?" सगुणा म्हणाली.

"चुकलो गं. माफ कर."

"माफी मला नको. सुबोधदादांना सांगा, माझ्यासमोर. नि खालच्या मजल्यावर पण."

जयवंतांनी फोन लावला.

"काय रे, सापडला का चोर?" सुबोधने विचारले.

सगुणा समोरून हलली नाही.

"सापडला. मीच रे," जयवंत म्हणाले.

पलीकडून काय उत्तर आले, ते त्यांनी कोणास सांगितले नाही. फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि ते एकटेच जिना उतरू लागले.