उषाबाईंची पाठवणी राहिली

या, अशा जवळ सरका. दार लोटून घ्या आणि तो टीव्ही बंद करा. एक गोष्ट सांगायची आहे.

देवाच्या दारात कथा-कीर्तनं ऐकता ऐकता केस पांढरे झाले. बुवांच्या तोंडी गेलेल्या गोष्टीला चार दागिने चढतातच, हे ठाऊक आहे. या गोष्टीला मात्र एकही चढवलेला नाही. जिच्यावर बेतली, त्या प्रमिलाबाईंनी सांगितली तशीच सांगतो.

घडलेली आहे. खरी आहे.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे खानदेशातल्या कानुबाई देवीच्या स्थापनेचा दिवस. ठिकाण, सुरतेतलं नवागाम. वेळ दिवेलागणीची.

नवागामच्या त्या गल्लीत सगळी खानदेशातून आलेली माणसं. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बाया घरी बसून साड्यांचे धागे कापणार, टिकल्या चिकटवणार. दिवसभर समोरच्या खात्याची खडखड इतकी, की बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. पण सण आला की हीच गल्ली गाऊ लागते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी, श्रावणात कानुबाई, भादव्यात गुलाबाई, नवरात्रात गरबा, आणि थंडीत लग्नातली हळद. वर्षभर गाणं सरत नाही.

गाणं उचलायच्या प्रमिलाबाई. आणि झेलायच्या उषाबाई.

वीस वर्षं अशीच जोडी. प्रमिलाबाईंनी ओळ टाकली की मागून उषाबाईंचा तो किंचित घोगरा आवाज यायचा, आणि बाया म्हणायच्या, "या दोघी सवती असत्या तर बरं झालं असतं. नवऱ्याला भांडणसुद्धा चालीत ऐकायला मिळालं असतं!"

त्या श्रावणाच्या आधीच्या माघात उषाबाई गेल्या. धागे कापता कापता भिंतीला टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. मागे नवरा बन्सीलाल आणि वीस वर्षांची मुलगी सुषमा. गळा अगदी आईचा.

आता एक रीत समजून घ्या. सगळं त्या रीतीतच आहे.

कानुबाई बसली की त्यांच्याकडे नावाचं गाणं होतं. पुढची बाई एकेकीचं नाव घेऊन हाक मारते,

"ये वं रंजना, कानुबाईना दार…"

जिचं नाव घेतलं तिने असेल तिथून उत्तर द्यायचं, "उनू वं माय, उनू." म्हणजे आले गं माय, आले. मग तिने फुगडीच्या फेरात शिरायचं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, देवीला पाण्यावर नेलं की त्याच नावांनी पाठवणी. "जाय वं रंजना, तुन्हा घर…" आणि तिने म्हणायचं, "चालनू वं माय, चालनू." निघाले.

जिला बोलावलं, तिला घरी पाठवायचंच. एकही नाव ठेवायचं नाही. हे प्रमिलाबाईंना त्यांच्या सासूने शिकवलं होतं, आणि त्या कधी चुकल्या नव्हत्या.

तर तो रविवार.

प्रमिलाबाईंच्याच घरात कानुबाई बसली होती. नारळाला नथ, गळ्यात हार, पुढे रोटांचा नैवेद्य. खात्यातून सुटून आलेला हिलाल ढोलकीच्या वाद्या ताणत होता.

शेजारची रंजना म्हणाली, "हिलालभाऊ, ढोलकी वाजवा हां, लूम नका चालवू. मागच्या साली आमच्या कंबरा धरल्या."

"तुम्ही फुगडी घाला वहिनी. कंबर तुमची, हात माझे, मधे कानुबाई आहे सांभाळायला."

सगळ्या हसल्या. प्रमिलाबाईही हसल्या. डोळे मिटले, आवाज लावला.

वीस वर्षं पहिलं नाव एकच असायचं. जिभेला वळणच पडलं होतं.

"ये वं उषाबाई, कानुबाईना दार…"

हिलालचा हात हवेतच राहिला.

कोणी हललं नाही. प्रमिलाबाईंनी डोळे उघडले. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं.

आणि तेवढ्यात…

दाराकडून, चपला काढतात तिथून, हळूच…

"उनू वं माय, उनू."

किंचित घोगरा आवाज.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात सुषमा उभी होती, हातात पाण्याची कळशी.

रंजनाने छातीवर हात ठेवला. "काय वं पोरी! जीव घेशील ना! आईच्या जागी तू उत्तर दिलंस होय?"

सुषमाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामी… मी बोललेच नाही."

"मग कोण बोललं?"

सुषमाने मागे पाहिलं. मागे गल्ली. गल्लीत कोणी नव्हतं.

प्रमिलाबाईंनी घाईने पुढचं नाव घेतलं. गाणं सुरू झालं, फेर धरला. मनाचा भास म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पण फेर संपला तेव्हा रंजना आपला तळहात निरखत होती.

"काय गं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मघाशी फुगडीत कोणाचा तरी हात धरला. गार होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंडोलीच्या तलावावर देवी नेली. पाठवणीचं गाणं लागलं. प्रमिलाबाई एकेक नाव घेत गेल्या. एकेक बाई "चालनू" म्हणत गेली.

उषाबाईंचं नाव ओठांवर आलं…

समोर सुषमा उभी होती. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिच्या तोंडावर तिच्या आईला "जा" कसं म्हणायचं? आणि काल जे झालं ते झालंच नव्हतं असं सगळ्यांनी ठरवलेलं. आता नाव घेतलं तर ते खरं ठरणार.

प्रमिलाबाईंनी ते नाव गिळलं.

तिथेच चुकलं.

भादवा आला. पोरी संध्याकाळी गुलाबाईची गाणी म्हणायला बसायच्या. रंजनाने एक दिवस मोबाईलवर गाणं भरून घेतलं, गावी नणंदेला पाठवायला. घरी जाऊन लावलं, आणि तशीच धावत प्रमिलाबाईंकडे आली.

"बाई, हे ऐका."

ढोलकी ऐकू येत होती. प्रमिलाबाईंची ओळ ऐकू येत होती. ओळ संपली की सगळ्या पोरी मिळून झेलायच्या, दहा-बारा गळे एका वेळी…

तिथे काहीच नव्हतं.

पोरींचा आवाज नाही. ढोलकी नाही. समोरच्या खात्याची खडखडसुद्धा नाही. नुसती पोकळी. मग पुन्हा प्रमिलाबाईंची ओळ. पुन्हा पोकळी.

जणू एकीला झेलायला जागा करून देऊन बाकी सगळं गप्प बसलं होतं.

रंजनाने ते पुसून टाकलं.

नवरात्रात सोसायटीच्या पटांगणात गरबा. मोठे स्पीकर, दिवे, गुजराती-मराठी सगळे एका फेरात. प्रमिलाबाई कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारच्या जयाबेन म्हणाल्या, "आ छोकरी कोनी साथे रमे छे?"

ही पोरगी कोणाबरोबर खेळते आहे?

प्रमिलाबाईंनी पाहिलं.

एवढी गर्दी, खांद्याला खांदा. पण सुषमाच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी. कोणी मुद्दाम सोडलेली नव्हती. लोक नाचत यायचे, त्या जागेपाशी आपोआप वळसा घालायचे आणि पुढे जायचे. फेर फिरला की जागाही फिरायची. आणि सुषमा त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून टाळी द्यायची.

तिच्या दोन टाळ्यांच्या मधे एक टाळी…

दुसरीच यायची.

दिवाळीनंतर सुषमाचा आवाज गेला. म्हणजे बोलायची ती. पण गायला तोंड उघडलं की नुसता वारा. हळदीच्या गाण्यांना यायची आणि ओठ हलवत बसायची. जेवण तुटलं. दुपारी साडीचे धागे कापता कापता कात्री थांबायची, आणि मान कलती करून ती ऐकत राहायची.

बन्सीलाल डॉक्टर करून थकला. एक दिवस प्रमिलाबाईंपुढे बसून रडला. "बाई, ती उषी माझी गेली, आता ही पण चालली हो. माझ्या डोळ्यांदेखत चालली."

प्रमिलाबाई सुषमाजवळ जाऊन बसल्या. "माय, काय ऐकतेस गं?"

सुषमा हसली. कितीतरी दिवसांनी.

"आई आहे ना मावशी. इथेच असते. तिला घर सापडत नाही म्हणते. एकटी आहे."

"मग?"

"मग काही नाही. तिने नाव घेतलं की मी जाणार."

प्रमिलाबाईंना लख्ख कळलं. कोणी पाठवलं नाही म्हणून घर सापडत नाही. आणि पाठवायचं होतं कोणी?

त्या संध्याकाळी विठ्ठल मंदिरात कीर्तन होतं. संपल्यावर प्रमिलाबाईंनी बुवांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. बुवांनी भूत म्हटलं नाही, भ्रम म्हटलं नाही. वीणेच्या तारेवर बोट ठेवून म्हणाले,

"माउली, तुम्ही बोलावलंत, आणि ती आली. इतक्या लांबून आली. तिला निरोप तुम्हीच द्यायचा. ज्या गाण्याने बोलावलंत, त्याच गाण्याने."

म्हणजे श्रावणाची वाट पाहायची. तोपर्यंत प्रमिलाबाईंनी सुषमाला एकटं सोडलं नाही. अखाजीला झोका बांधला तर झोक्यावर बसू दिलं नाही. कारण सकाळी वारा नसताना तो रिकामा झोका हलत होता… दोघींच्या भाराने हलावा तसा, जड.

श्रावण आला. कानुबाई बसली, उठली. सोमवारची सकाळ. तलावाच्या काठावर ऊन, गर्दी, गुलाल. सुषमाला रंजनाने धरून आणलं होतं. चालवत नव्हतं तिला.

पाठवणी लागली. सगळी नावं झाली. प्रमिलाबाईंनी हात जोडले.

"जाय वं उषाबाई, तुन्हा घर…"

हिलालची ढोलकी थांबली. बाया थांबल्या. रस्त्यापलीकडे खाती होती, त्यांची खडखड थांबली. वीज गेली असेल. असेलही. पण पाण्याच्या कडेला पोरं ओरडत होती, त्यांचाही आवाज येईना. तोंडं हलत होती फक्त.

मोबाईलमधली ती पोकळी. तीच.

आणि त्यात…

"चालनू वं माय, चालनू."

पाण्याकडून. घोगरा, थकलेला. प्रमिलाबाईंनाच नाही, सगळ्यांना ऐकू आला. हिलाल आजही शपथेवर सांगतो. बन्सीलाल तर काठावर मटकन बसला आणि "उषे, उषे" करत रडू लागला.

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सुटली. जा माय, सुखाने जा.

पण खडखड सुरू झाली नाही.

पोरांचा आवाज आला नाही.

पोकळी तशीच होती.

आणि मग त्याच आवाजाने, पाण्यातून, पुढची ओळ उचलली. वीस वर्षं जिने फक्त झेललं, तिने पहिल्यांदा हाक मारली. लाडाने. आई मारते तशी.

"ये वं सुषमा…"

सुषमाने मान वर केली. चेहरा उजळला. ओठ उघडले. गेले कित्येक महिने ज्या गळ्यातून सूर फुटला नव्हता, त्यात सूर आला.

"उ…"

प्रमिलाबाईंनी झेप घेतली. एका हाताने पोरीचं तोंड दाबलं, दुसऱ्याने तिला पोटाशी धरलं. पोरगी धडपडत होती, चावत होती. प्रमिलाबाईंच्या बोटांतून रक्त आलं, पण त्यांनी हात काढला नाही.

पोकळी वाट पाहत होती. हाक मारली होती. उत्तर द्यावंच लागतं, अशी रीत. उत्तर येईपर्यंत फेर पुढे सरकत नाही.

प्रमिलाबाईंनी पाण्याकडे पाहिलं.

आणि चालीत, पूर्ण ओळ म्हटली.

"उनू वं माय… उनू."

क्षणभर काही नाही.

मग धाडकन सगळे आवाज परत आले. लूम, पोरं, कावळे, कोणाच्या तरी मोटरसायकलचा हॉर्न.

सुषमा त्यांच्या कुशीत लहान लेकरासारखी रडत होती. मोठ्याने. स्वतःच्या आवाजात.

आज सुषमा उधन्याला सासरी असते. चांगली आहे, जाडही झाली आहे. गाते. लोक म्हणतात, अगदी आईचा गळा. तिला तलावावरचं काहीही आठवत नाही, आणि कोणी आठवण करून देत नाही.

प्रमिलाबाईही आहेत. तब्येत ठीक. साड्यांचे धागे कापतात, नवरा मगनभाऊ खात्यातून आला की गरम भाकरी टाकतात. पण गाणं उचलत नाहीत. आता रंजना उचलते. आणि नावाच्या गाण्यात रंजना प्रमिलाबाईंचं नाव घेत नाही. त्यांनीच बजावलं आहे.

त्यांना विचारलं, "भीती वाटते का हो?"

त्या धागा कापत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मी येते म्हटलंय दादा. अजून गेले नाही. एवढंच."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "खातं बंद पडलं ना दुपारी कधी… तर मी आपली भांडी घासायला बसते. जोरजोरात. शांतता नको वाटते."

उषाबाई वाईट नव्हती हो. लेकरासाठी जीव तुटत होता, इतकंच. पण जिथून ती बोलावते, तिथे कोणाचं लेकरू जाऊ नये.

तुमच्याकडे कुठे कीर्तन असेल, आरती होईल, सगळे हात जोडतील, तेव्हा त्या गर्दीत प्रमिलाबाईंची आठवण ठेवा. पांडुरंगाला सांगा, त्यांना अजून बराच काळ इथेच राहू दे.

फक्त नाव मनातल्या मनात घ्या.

मोठ्याने घेऊ नका.