चौथा कोपरा

फ्रेमवाल्याने जुनी काच उतरवली, फोटो बाकावर ठेवला आणि सवयीने हाक मारली, "अगं, मऊ फडकं दे जरा." मग स्वतःच उठून फडकं घेतलं. बायकोला जाऊन सात महिने झाले होते, पण जिभेला अजून ते कळलं नव्हतं.

फोटो एका वैमानिकाचा होता. युद्धात शत्रूची नऊ विमानं पाडलेला, नावाने रस्ता असलेला. चामडी टोपी, कपाळावर सरकवलेला गॉगल, ओठांच्या कोपऱ्यात हसू. त्याची नात फोटो टाकून गेली होती. "रविवारी आजोबांच्या नावाचा हॉल उघडतोय, काका. उशीर नको हं."

बुरशीचा डाग बघायला फ्रेमवाल्याने भिंग लावलं. गॉगलच्या काचेत काहीतरी चमकत होतं. दिवा असेल, त्याला वाटलं. ती खिडकी निघाली. दोन गज वाकलेले, ह्याच दुकानाची. खिडकीखाली त्याची बायको फ्रेमचा पहिला कोपरा जोडत होती.

फोटो ऐंशी वर्षांपूर्वीचा. तेव्हा ही इमारतही नव्हती.

त्याने भिंग पुसलं, चष्मा पुसला, डोळे पुसले. ती होतीच. खिळे ओठांत धरलेले. "गिळशील एक दिवस," तो म्हणायचा. "तुमच्या बोलण्याइतके नाही टोचणार," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी फ्रेमचे दोन कोपरे जोडलेले होते. तिसऱ्या दिवशी तीन. ती हलताना कधी दिसली नाही. काम मात्र पुढे सरकलेलं असे. फ्रेम कुणासाठी, हे त्याच्या मनातही आलं नाही. ती कामात आहे, एवढं त्याला पुरे होतं.

शनिवारी दुपारी नात आली.

"काका, फ्रेम बनवताय की विमान?"

"पट्टी आली नाही अजून."

"आणि ही मागे कापून ठेवलेली?"

"ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची." तो तिच्याकडे बघत नव्हता. फोटो गेला की बायको दुसऱ्यांदा जाणार होती. "उद्या सकाळी न्या. नक्की."

"आता मीच येऊन बसेन हं इथे," असं म्हणत ती गेली.

त्याने घाईने भिंग उचललं.

चौथा कोपरा जोडून झाला होता.

बायकोने फ्रेम उभी धरली होती, त्याच्याकडे तोंड करून. पहिल्यांदाच ती वर बघत होती. फ्रेममध्ये फोटो होता. आपल्या दोघांचा असेल, त्याला वाटलं.

एकट्या त्याचा होता. आजचाच चौकड्यांचा शर्ट. वरचं बटण नव्हतं, नुसता दोरा लोंबत होता.

त्याने गळ्याशी हात नेला. बटण जागेवर होतं. तिनेच लावलेलं, दुहेरी दोऱ्याने.

त्याने श्वास सोडला.

बाकाखाली टक्कन काहीतरी पडलं आणि घरंगळत गेलं.